उंबरठ्याच्या आतली धूळ : व्हॅक्यूम क्लीनरचा इतिहास चंद्रपुरातून वाचताना

घरगुती यंत्रांचे इतिहास बहुधा एकाच चालीवर लिहिले जातात. आधी एक त्रास, मग एक कल्पक माणूस, मग पेटंट, मग कारखाना आणि शेवटी जाहिरातीतली हसरी गृहिणी. व्हॅक्यूम क्लीनरच्या बाबतीत ही चाल तर पाठच झालेली आहे. इंग्रजी पुस्तकांत ती सविस्तर असते, आपल्याकडच्या शोधांच्या कथांत तीच आटवून येते. तपशील बव्हंशी बरोबर असतात. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार आहे ती हा इतिहास जिथे सुरू होतो त्या जागेबद्दल. तो घराच्या आत, गालिच्यावर सुरू होतो. धूळ तिथे आधीच पडलेली असते. ती कुठून आली, कुणी उडवली, हे विचारणे इतिहासकाराला आपले काम वाटत नाही. एरवी हे खपूनही जाते. पण चंद्रपुरात, जिथे सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावरून दुपारी बोट फिरवले की ते काळे होते, तिथे बसून हा इतिहास वाचला म्हणजे त्याची पहिली पाने फाटलेली आहेत असे वाटू लागते.

मराठीने या बाबतीत शब्दांची चांगली सोय करून ठेवली आहे. घरात रोजच्या वावरातून जे साठते तो केर : भाजीची देठे, केसांचे गुंतवळ, दोऱ्याचे तुकडे, सांडलेले दाणे. बाहेरून येते ती धूळ, आणि वाऱ्यावर उठते तो धुराळा. चुलीत उरते ती राख. केर आपला असतो, म्हणून तो काढण्याची जबाबदारीही आपली. केरसुणी हा शब्दच तसा बनला आहे. धूळ मात्र पाहुणी. व्हॅक्यूम क्लीनरला हा भेद कळत नाही, आणि त्याच्या इतिहासकारांनाही तो कळलेला नाही. नळीच्या तोंडाशी जे येईल ते एकाच पिशवीत जाते आणि पिशवी रिकामी करायची ती घरातल्या बाईने. धूळ जिथे सापडली तिथलीच ती असे मानायचे, हा या यंत्राचा पाया आहे.

रूढ इतिहास थोडक्यात असा. १८६० साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅनिएल हेस याने भात्याने हवा ओढणारा गालिचा-झाडू पेटंट करून घेतला. १८७६ साली मेल्व्हिल बिसेलने फिरत्या ब्रशाचा झाडू काढला. तो मेल्यावर त्याची बायको अ‍ॅना हिने कंपनी चालवली आणि वाढवली. (१८७६ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला डेबूजी जानोरकरांचा जन्म झाला. त्यांच्याकडे पुढे यायचेच आहे.) मग १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ हा अभियंता येतो. एका नाट्यगृहात हवेच्या झोताने धूळ उडवणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक त्याने पाहिले. धूळ उडाली आणि पुन्हा तिथेच बसली. फुंकण्याऐवजी ओढता येणार नाही का, असे त्याने विचारले, तेव्हा ते अशक्य आहे असे उत्तर मिळाले. पुढे एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या मखमलीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून श्वास आत ओढला आणि ठसका लागेपर्यंत धूळ खाऊन आपला मुद्दा सिद्ध केला. ही गोष्ट सगळेच सांगतात आणि ती सांगण्यासारखी आहेही.

मात्र बूथच्या यंत्राची खरी गंमत वेगळीच आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. ते घरात जातच नसे. घोडागाडीवर पेट्रोलचे इंजिन आणि पंप घेऊन ते रस्त्यावर उभे राही, आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडल्या जात. नळीचा काही भाग काचेचा ठेवलेला असे. आतून निघणारी धूळ रस्त्यावरच्या माणसांना वाहताना दिसे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेचे गालिचे याच यंत्राने स्वच्छ झाले. म्हणजे पहिला खराखुरा व्हॅक्यूम क्लीनर ही एक सार्वजनिक सेवा होती. तिला कामगार होते, त्यांना मजुरी होती, आणि धूळ चारचौघांत उघड होई.

ते यंत्र घरात आले सात वर्षांनी. ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर हा एका कपड्यालत्त्यांच्या मोठ्या दुकानात झाडलोट करणारा माणूस होता. त्याला दमा होता आणि झाडूने उडणारी धूळ त्याच्या छातीत जाई. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र केले. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले. कातडी सामानाचा धंदा करणाऱ्या हूव्हर कुटुंबाने ते विकत घेतले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मासिकातून जाहिरात दिली : दहा दिवस घरी वापरून पाहा, फुकट. मजुरीवर झाडणाऱ्या एका दमेकऱ्याने आपल्या फुप्फुसांसाठी केलेली ही युक्ती वर्षभराच्या आत बिनमजुरीने झाडणाऱ्या बायकांना विकायची वस्तू झाली. धुळीची पिशवीही आता दांड्यालाच लटकली. काचेची नळी गेली. घराची धूळ ही घराची खासगी गोष्ट झाली.

याच उन्हाळ्यात, स्पँग्लरनंतर अवघ्या दोन महिन्यांनी, ११ ऑगस्ट १९०८ रोजी आणखी एक पेटंट मंजूर झाले. व्हॅक्यूम क्लीनरच्या कुठल्याही इतिहासात त्याचे नाव नसते. ते होते कॅलिफोर्नियातले रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांचे. धुराड्यातून जाणाऱ्या वायूतले कण विजेच्या साहाय्याने पकडायचे, अशी त्यांची कल्पना. उच्च दाबाच्या तारांमधून धूर जातो, कणांवर विद्युतभार चढतो, ते बाजूच्या धातूच्या पत्र्यांना चिकटतात. मग पत्र्यांवर हातोड्यांनी ठोकले की थर खालच्या नाळक्यात पडतो. आज औष्णिक वीजकेंद्रात ज्याला ईएसपी म्हणतात ते हेच यंत्र. ते सुरुवातीला ज्या ठिकाणी वापरले गेले त्यांपैकी एक होती सेल्बी इथली धातू वितळवण्याची भट्टी. तिच्या धुराने पिके आणि जनावरे जातात म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांनी कोर्टात धाव घेतली होती. कॉट्रेल यांनी पुढे आपली पेटंटे स्वतःकडे न ठेवता १९१२ साली संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या एका संस्थेच्या स्वाधीन केली.

एकाच वर्षातली ही दोन धूळयंत्रे. पहिले धूळ पडल्यावर उचलते, दुसरे ती उडण्याआधी धरते. पहिले बाजाराने घरोघर पोचवले. दुसरे कोर्ट आणि कायदा मागे लागल्याशिवाय कुणी नीट बसवत नाही. पहिल्याचा इतिहास घरगुती जीवनाचा इतिहास म्हणून लिहिला गेला, दुसऱ्याचा अभियांत्रिकीचा. ही वाटणी कोणी ठरवून केली नसेल. पण तिच्यामुळे घरातली बाई आणि गावातले धुराडे एकाच पानावर कधी आलीच नाहीत.

घरगुती यंत्रांच्या इतिहासाची सर्वांत तिखट समीक्षा केली ती रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी. त्यांच्या १९८३ च्या पुस्तकाच्या नावातच निष्कर्ष आहे : आईला जास्तीचे काम. पूर्वी वर्षातून एकदोनदा गालिचे बाहेर काढून पुरुष आणि मुले ते झोडपत. यंत्र आले आणि तेच काम दर आठवड्याला एकट्या बाईच्या गळ्यात पडले. काम हलके झाले, पण वाढले, आणि वाटून घेणारे हात गेले. त्याआधी १९७४ साली जोआन व्हॅनेक यांनी आकडे मांडले होते : नोकरी न करणारी अमेरिकन गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला ५२ तास घरकाम करत होती आणि १९६० च्या दशकात ५५ तास. मधल्या काळात हूव्हर, धुलाई यंत्र, फ्रीज सगळे येऊन गेले होते.

कोवान यांचे म्हणणे आपल्याकडे अर्धेच लागू पडते, आणि ते का, हे पाहण्यासारखे आहे. १९८२ साली टाटा समूहातली फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स उभी राहिली. टाय लावलेला तरुण दारावरची बेल वाजवतो, गादीवर यंत्र फिरवतो आणि पांढऱ्या फडक्यावर काढलेली धूळ दाखवतो : आपल्या मध्यमवर्गाच्या आठवणीत व्हॅक्यूम क्लीनर असा शिरला. हूव्हरच्या दहा दिवस फुकट वापराचाच हा देशी अवतार. आपण स्वच्छ समजतो ते घर स्वच्छ नाही, हे बाईला तिच्याच दिवाणखान्यात दाखवून द्यायचे, हे त्या विक्रीचे मर्म होते. पण आपल्याकडे गालिचा नव्हता. होती फरशी, ती झाडून ओल्या फडक्याने पुसली की भागे. आणि ते करायला बहुतेक घरांत बाई येई, तिची मजुरी यंत्राच्या हप्त्यापेक्षा कमी. परिणामी यंत्र माळ्यावर गेले. दिवाळीच्या आधी आठवडाभर खाली उतरायचे, सोफा आणि पडदे ओढून काढायचे, आणि पुन्हा वर. २०२० च्या टाळेबंदीत कामवाल्या बाया येईनाशा झाल्या तेव्हा पुष्कळ घरांना ते आठवले, हे त्याच्या स्थानाबद्दल पुरेसे बोलके आहे. कोवान यांची 'आई' आपल्याकडे दोन बायकांत विभागली जाते, घरची आणि कामाची. पुरुष मात्र तसाच बाहेर. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. जे पुरुष घरकाम करत होते त्यांचा ९७ मिनिटे.

तरीही कोवान यांच्याशी माझा मतभेद वेगळा आहे. काम कोणाच्या वाट्याला आले हे त्या नेमके विचारतात. ते काम निर्माण कोणी केले, हे व्हॅक्यूम क्लीनरच्या बाबतीत त्यांच्या विवेचनाच्या कडेलाच राहते. गालिच्यात धूळ आहे हे त्याही गृहीत धरतात. म्हणजे या इतिहासाची उत्तम समीक्षासुद्धा उंबरठ्याच्या आतच फिरते.

आता उंबरठ्याकडे येऊ. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या खेड्यांतले घर म्हणजे कुडाच्या किंवा मातीच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन. अशा जमिनीला गालिच्याच्या यंत्राचा काही उपयोग नाही. ते तिला उकरून काढील. पण त्या जमिनीचे स्वतःचे धूळशास्त्र आहे आणि ते कच्चे नाही. शेणातला चोथा मातीच्या कणांना बांधून धरतो, वाळल्यावर वर पातळ पापुद्रा तयार होतो, धूळ सुटी होत नाही. अंगणात आधी सडा, मग झाडणे, तेही याच तत्त्वावर : ओलाव्याने कण जड करायचे आणि मग गोळा करायचे. पापुद्रा पायांखाली मोडतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा सारवावे लागते. यात काव्य शोधणाऱ्यांनी एकदा गुडघ्यावर बसून चार खण सारवून पाहावेत. कष्ट आहेत आणि ते बाईचेच आहेत. मुद्दा एवढाच, की हे तंत्र धूळ उडू न देण्याचे आहे. कॉट्रेलच्या यंत्राशी त्याचे नाते हूव्हरपेक्षा जवळचे.

झाडायचे साधन म्हणजे शिंदीच्या पानांचा फडा, आणि अंगणासाठी तुराट्यांचा खराटा. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचे, तिला पाय लागू द्यायचा नाही, दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, हे सगळे आपल्याला माहीत आहे आणि दिवाळी अंकांतून दरवर्षी कौतुकाने लिहिलेही जाते. त्या कौतुकात एक गोष्ट गळते. ही लक्ष्मी परंपरेने वळली ती मातंग समाजाने, आणि ती वळणाऱ्याला उंबरठा ओलांडता येत नव्हता. केरसुणी देवघरापाशी, करणारा वेशीबाहेर. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये पेशव्यांच्या पुण्यातल्या ज्या सक्तीची नोंद केली आहे तिच्यातही झाडू आहे : अस्पृश्याने तो कमरेला बांधून चालायचे, म्हणजे त्याच्या पावलांची धूळ मागच्या मागे झाडली जाईल. धूळ कोणाची आणि ती कोणी काढायची, हा प्रश्न या देशात यंत्र येण्याच्या फार आधी सोडवून टाकलेला होता, तोही सर्वांत निर्दय पद्धतीने. अमेरिकन पुस्तकांच्या आधारे आपला घरगुती इतिहास लिहिताना हे पान गळाले, तर बाकीच्या पानांना फारसा अर्थ उरत नाही.

म्हणूनच डेबूजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, मला या विषयात केवळ स्वच्छतेचे संत म्हणून पुरत नाहीत. गावात शिरायचे, कोणाशी न बोलता खराट्याने रस्ते झाडायला लागायचे, आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला केर काढायचा, असा त्यांचा क्रम. त्यांच्या नावाने शासनाने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान चालवले, त्यात गुण आले, बक्षिसे आली. खराटा चौकाचौकातल्या पुतळ्यांच्या हाती गेला. पण त्या खराट्याची दिशा पाहिली पाहिजे. तो उंबरठ्याच्या बाहेर चालत होता. स्पँग्लरने झाडू घरात नेऊन खासगी केला. बाबांनी जन्माने कोणावर न लादता तो आपण होऊन हातात घेतला आणि चव्हाट्यावर आणला. चिमूरजवळच्या गोंदोड्याला ज्यांची तपोभूमी आहे त्या तुकडोजी महाराजांच्या १९५५ च्या ग्रामगीतेतही ग्रामशुद्धीचा विचार आहे तो गावाचा म्हणून, एकेका घराचा म्हणून नव्हे. या दोघांनी मांडलेली स्वच्छता ही सामुदायिक जबाबदारी होती. आपल्या घरगुती यंत्रांच्या लेखनात तिचा मागमूस नाही. बक्षिसांच्या अभियानातही, माझ्या मते, ती गावच्या केरापर्यंत पोचली आणि गावच्या धुळीपाशी अडली. कारण गावची धूळ गावाने केलेलीच नव्हती.

१९८२ च्या ऑगस्टात चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. मुंबईत दारोदार पांढऱ्या फडक्यावर धूळ दाखवली जात होती तीच ही वर्षे. आज या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एकदिश प्रवाहाची वाहिनी जाते. १५०० मेगावॅट वीज ती मुंबईच्या बाजूला नेऊ शकते. आता एक साधा हिशेब. हजार वॅटचा व्हॅक्यूम क्लीनर तासभर चालला की एक युनिट जाते. आपल्या कोळशावर एक युनिट करायला साधारण ६५० ते ७५० ग्रॅम कोळसा लागतो आणि त्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. म्हणजे तासाभराच्या सफाईमागे वीजकेंद्रात अंदाजे पाव किलो राख तयार होते. तासाभरात पाव किलो धूळ निघेल असे घर दादर-ठाण्याच्या मध्यमवर्गीय वस्तीत शोधावेच लागेल.

ही राख सगळी हवेत जात नाही, हे सांगितले पाहिजे. नाहीतर हिशेब भडक होईल. काही भट्टीच्या तळाशी पडते, बाकीची बहुतांश ईएसपीत अडकते आणि राखेच्या बंधाऱ्यात किंवा सिमेंटच्या कारखान्यात जाते. पण प्रमाणांचा खेळ पाहा. पाचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर तासाला सुमारे साडेतीनशे टन कोळसा खातो आणि त्यातून शंभर टनांच्या आसपास राख धुरासोबत निघते. ती ९९.९ टक्के पकडली तरी तासाला शंभर किलो उरते, आणि ९९.५ टक्के पकडली तर अर्धा टन. टक्केवारीतला नगण्य फरक जमिनीवर उतरतो तो असा. घरातल्या महागड्या यंत्रावर आपण अभिमानाने वाचतो की त्याची गाळणी ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवते. धुराड्याला मात्र डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेपर्यंत थांबावे लागले, आणि तीतही २००३ पर्यंतच्या संचांना दर घनमीटरला १०० मिलिग्रॅमची मुभा, २०१६ पर्यंतच्यांना ५० ची, त्यानंतरच्यांना ३० ची. पाळण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली ती गोष्ट निराळीच. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांची मोजणी केली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे आले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद तेवढी पुढे होती. दोष एकट्या वीजकेंद्राचा नाही : उघड्या कोळसा खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, आणि ताडपत्री न बांधता जाणारे ट्रक आहेत.

चंद्रपुरातले खरे घरगुती धूळयंत्र व्हॅक्यूम क्लीनर नाहीच; ते आहे कूलर. पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात मार्च ते जून तो अखंड चालतो, बाहेरची हवा ओल्या ताट्यांमधून आत ओढतो आणि नकळत ती गाळतो. हंगाम संपल्यावर ताट्या काढताना हाताला जो काळपट गाळ लागतो, त्यावरून आपण चार महिने काय ओढून घेतले ते कळते. बूथने उपाहारगृहात रुमालावर केलेला प्रयोग इथे प्रत्येक घर दर उन्हाळ्यात करते. आणि तो गाळ धुऊन काढण्याचे काम कोणाकडे असते, हे वेगळे सांगायला नको.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. घर स्वतः निष्पाप असते का? गडचिरोलीच्या खेड्यातल्या कोंदट स्वयंपाकघरात चुलीचा धूर बाई आणि तिच्या कुशीतले मूल रोज छातीत घेतात. तो धूर काही धुराड्यातून आलेला नाही. राणी आणि अभय बंग यांनी या जिल्ह्यात बालमृत्यूंवर केलेल्या, १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या कामाने न्यूमोनिया केवढा मोठा मारेकरी आहे हे दाखवले, आणि जगभरचे अभ्यास चुलीच्या धुराला त्याच्या कारणांत गणतात. तेव्हा घराबाहेर बोट दाखवून घरातल्या धुराकडे डोळेझाक करणे हा वेगळ्या तऱ्हेचा अपुरेपणा होईल. मला एवढेच वाटते की चुलीवर लिहिताना आपण बाईला शिकवतो, योजना काढतो, सिलिंडर देतो; धुराड्यावर लिहिताना सूर एकदम तांत्रिक आणि मवाळ होतो. धूळ एकच, भाषा दोन.

चुलीच्या राखेने इथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडी घासली. वीजकेंद्राच्या राखेलाही लोक राखच म्हणतात, आणि तीही आता घरात परत येते आहे : तिच्या विटा होतात, ती सिमेंटमध्ये मिसळते, नव्या घरकुलांच्या भिंती तिच्यातून उठतात. सारवायची जमीन जाऊन तिथे फरशी येते. त्या गुळगुळीत फरशीवर बाहेरची धूळ पूर्वीपेक्षा जास्त दिसते, कारण तिला धरून ठेवणारे शेण आता नाही. अशा घरात व्हॅक्यूम क्लीनरचा विक्रेता उद्या पोचला, तर त्याला पांढरे फडके काळे करून दाखवायला फार कष्ट पडणार नाहीत.

गडचिरोलीत बहुतांश भूभागावर अजून जंगल आहे, आणि म्हणून हा जिल्हा या चर्चेबाहेर आहे असे कुणाला वाटेल. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या टेकड्यांवरून लोहखनिज निघू लागल्यापासून तसे राहिलेले नाही. खनिजाचे ट्रक एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्याने जातात, आणि रस्त्याकाठच्या धानावर, कापसावर, मोहाच्या पानांवर आणि घरांच्या कुडांवर बसणारी धूळ तांबडी असते. त्या गावांतल्या बायका ती झाडतात त्याच शिंदीच्या फड्याने. खाणीला पर्यावरण परवानगी देताना वाहतुकीच्या रस्त्यांवर टँकरने पाणी मारत राहण्याची अट नेहमी घातलेली असते. सरकारी कागदावर तिला धूळ-नियंत्रण म्हणतात. रस्त्याकाठच्या घरांतून तिला सडा म्हणतात, आणि तो आज पडला की नाही, हे तिथल्या बायकांना अंगणात पाऊल टाकण्याआधीच कळते.